झोपाळा लागलेले पिल्लू तपासताना या चुका टाळा

कोकणातल्या घरात कुत्र्याच्या पिल्लाला लागण्याच्या जागा ठरलेल्या असतात: ओटीवरचा झोपाळा, चिऱ्याचे उंच जोते, वाऱ्याने आपटणारे दार, पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्या. पिल्लू किंचाळते, घरातली माणसे धावतात आणि त्याला बगलेत धरून झटकन उचलतात. पहिली चूक तिथेच होते, कारण कण्याला किंवा बरगडीला इजा झालेली असेल तर ती अशा उचलण्याने वाढते. रक्त वाहत नसेल आणि श्वास नीट चालू असेल, तर दोन मिनिटे त्याला आहे तिथेच राहू द्यावे आणि चारही पायांवर ते सारखा भार टाकते का, मान एका बाजूला कलते का, एवढेच पाहावे.

दुसरी चूक म्हणजे थेट दुखऱ्या जागी हात घालणे. वेदनेत असलेले पिल्लू ओळखीच्या हातालाही चावते आणि त्यात त्याचा काहीच दोष नसतो. आधी चांगला पाय बोटांपासून वरपर्यंत हलकेच चाचपावा, मग दुसरा, म्हणजे सूज किंवा ऊब यांतला फरक हाताला कळतो. पिल्लांच्या हाडांच्या टोकांशी वाढीचा कोवळा थर असतो. त्याला इजा झाल्यास पाय वाकडा किंवा आखूड वाढू शकतो, म्हणून लंगडणे आपोआप थांबेल या आशेवर दिवस घालवू नयेत.

सर्वांत घातक चूक मात्र आमच्याच घरी झाली. झोपाळ्याची कड आमच्या अडीच महिन्यांच्या पिल्लाच्या बरगडीला लागली, पण दहा मिनिटांत ते खळ्यात खेळू लागले आणि आम्ही निर्धास्त झालो. संध्याकाळी ते पडवीच्या कोपऱ्यात मान लांबवून बसले होते आणि आवडता मासे-भातही त्याने हुंगला नाही. ओठ उचलून पाहिला तर हिरड्या फिकट होत्या. फुप्फुसाला मार बसला होता, आणि असा मार पुष्कळदा काही तासांनीच जाणवू लागतो. म्हणून निदान पुढचे 24 तास लक्ष ठेवावे. हिरडीवर बोट दाबून सोडले की पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. हिरड्या मुळातच काळ्या असतील तर खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग पाहावा. पिल्लू गाढ झोपलेले असताना मिनिटाला 40 हून अधिक श्वास सतत मोजले गेले, पोट फुगले, वारंवार उलटी झाली किंवा लघवी झालीच नाही, तर सकाळची वाट पाहू नये.

खोबरेल तेलाने चोळणे हा आपला मायेचा उपाय, पण मोडलेल्या हाडावर तो इजाच करतो. माणसांची पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन ही गोळी अर्धीसुद्धा देऊ नये. कुत्र्यांना ती विषारी ठरू शकते. दूधही लगेच पाजू नये, कारण दवाखान्यात भूल द्यावी लागल्यास भरलेले पोट धोक्याचे असते.

तालुक्याच्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता बहुधा वळणांचा आणि खड्ड्यांचा असतो. अशा वेळी घरातला जेवणाचा पाट घ्यावा, त्यावर घडी केलेली चादर अंथरावी, पिल्लाला अंगाखाली दोन्ही हात घालून एकाच पातळीत त्यावर सरकवावे आणि पाट मांडीवर धरून बसावे.