मृगाआधी मोटरची केबल बघा

वळीव कधीही पडेल. बी-खताची जुळवाजुळव चालू द्या, पण आधी विहिरीच्या काठापासून स्टार्टरच्या पेटीपर्यंतची केबल तपासा. जूनमध्ये पाऊस दडी मारतो, मोटर नेमकी तेव्हाच जळते आणि रिवाइंडिंगवाल्याकडे आधीच रांग असते. अशात हळद आणि पूर्वहंगामी कापूस वाळलेला दरवर्षी बघतोय.

पाण्यातली केबल सहसा टिकते. मरते ती बांधावर उन्हात पडलेली. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट प्लॅस्टिसायझर घालतात. उन्हातापाने ते उडून जातं, आवरण कडक होऊन तडकतं. त्यात व्होल्टेज कमी असलं की मोटर जादा अँपिअर ओढते आणि तार आतूनही तापते. साध्या पीव्हीसीची मर्यादा 70 अंश. कोरड्यात या भेगा गप्प असतात. पाऊस झाला की पाणी शिरतं, ओल्या गवतात करंट उतरतो. आधी बैल सापडतो, मग माणूस.

मेन बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा आणि केबल बोटावर वाकवा. पांढऱ्या रेषा उठल्या तर बाद. टोक सोलून तांब्यावर हिरवट चिकटा दिसला तरी बाद. पाच उन्हाळे उघड्यावर काढलेली केबल मी न वाकवताच बाद धरतो. हे काही पुस्तकात नाही. पुस्तकी माप असं: स्टार्टरवरून तारा सोडवून 500 व्होल्टच्या मेगरवर (आवरणाचा रोध मोजायचं यंत्र) 1 मेगओहमपेक्षा कमी आलं तर मोटर चालू करायची नाही.

दुकानदार म्हणेल, मोटरच बदला. काठावरचा जॉइंट सोडवून दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजायला लावा. बऱ्याचदा मोटर ठणठणीत असते, उन्हातला तुकडा फुटलेला असतो. तेवढाच आयएसआय खुणेचा नवा घ्या, तुषार सिंचनाच्या जुन्या काळ्या पाइपातून ओवा आणि 75 सेंमी खोल गाडा. जॉइंटला आधी रबरी टेप, मग वरून पीव्हीसी टेप.

बाकीची कामे:
- बांधबंदिस्ती, चर मोकळे करणे
- सोयाबीनची उगवण तपासणे. किमान 70 टक्के हवी
- पेरणी 75 ते 100 मिमी पावसानंतरच

स्टार्टरपाशी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच लाइन तोडणारा स्विच) बसवा, तिथे पैसे वाचवू नका. तो सारखा पडतोय म्हणून वायरमनकडून थेट जोडून घेऊ नका. पडतोय म्हणजे करंट कुठेतरी गळतोय. पहिला संशय बांधावरच्या केबलवर घ्या.