वेगळ्या खळग्यांतले दोन आयन कसे जुळवायचे

आमच्या लॅबमध्ये नवीन आलेला प्रत्येक जण आधी लेझरचं विचारतो. मी म्हणते, लेझर राहू दे, अंतर किती ठेवणार ते सांग. दोन आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, वेगवेगळ्या खळग्यांत (विद्युतक्षेत्राने त्यांना धरून ठेवणाऱ्या जागांत) असतात; त्यांच्यातली कंपनाच्या ऊर्जेची देवाणघेवाण अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात चालते. अंतर दुप्पट केलं की वेग आठपटीने पडतो.

नमुना म्हणून अमेरिकेतल्या बोल्डरच्या एनआयएसटी या राष्ट्रीय मापन-मानक संस्थेचा २०११चा प्रयोग समोर ठेवा. बेरिलियमचे दोन आयन, मध्ये ४० मायक्रोमीटर, इलेक्ट्रोडची चिप ४.२ केल्विनपर्यंत थंड. मध्ये तार नाही, काही नाही. एकाच्या विद्युतभाराचा धक्का थेट दुसऱ्याला. बेरिलियम निवडण्यात शहाणपण आहे: आयन जितका हलका, तितकी देवाणघेवाण जलद.

डीसी इलेक्ट्रोडवरची व्होल्टेज लावून दोन खळगे तयार झाले की एकेका आयनाच्या कंपनाची फ्रिक्वेन्सी मोजा. एका इलेक्ट्रोडवर अगदी बारीक एसी सिग्नल द्या आणि त्याची फ्रिक्वेन्सी हळूहळू सरकवा. आयनाच्या फ्रिक्वेन्सीशी जुळली की तो जोरात हलू लागतो आणि लेझरखाली तो देत असलेला उजेड एकदम मंदावतो. तो आकडा वहीत लिहा.

आता खरी कसोटी. व्होल्टेज कणाकणाने बदलत दोन्ही आकडे जवळ आणा. ते एकमेकांना छेदून जातील असं वाटतं, पण जात नाहीत. जवळ येऊन परत दुरावतात. एनआयएसटीच्या प्रयोगात दोन आकड्यांमध्ये उरलेली ही फट सुमारे ३ किलोहर्ट्झ होती, आणि आयन हलत होते ४ मेगाहर्ट्झच्या आसपास. म्हणजे हजारात एक भागही व्होल्टेज डळमळलं तरी जुळणी बिघडली. पैसे वाचवायचेच असतील तर दुसरीकडे वाचवा, पॉवर सप्लाय आणि फिल्टरमध्ये नको. आयन थंड करणारा ३१३ नॅनोमीटरचा लेझरही इलेक्ट्रोडला घासू देऊ नका. तिथे भार साचतो आणि सकाळी जुळवलेली फ्रिक्वेन्सी दुपारी भलतीकडेच सापडते.

फट दिसली की खळगे पुन्हा बेमेळ करा, दोन्ही आयन थंड करा, एकात कंपनाचा एक क्वांटम (ऊर्जेचा सर्वांत छोटा हप्ता) घाला आणि फ्रिक्वेन्सी परत जुळवा. एनआयएसटीत सुमारे २१८ मायक्रोसेकंदांत तो क्वांटम पलीकडे जात असे. तुमचा आकडा तुमच्या फटीवरून काढा. मग तेवढाच वेळ, पण खळगे बेमेळच ठेवून, सगळं पुन्हा करा. तरीही दुसरा आयन तापलेला दिसला तर ती ऊर्जा शेजाऱ्याची नाही, इलेक्ट्रोडच्या गोंगाटाची.