गिअरबॉक्स खोलायचा की बदलायचा? आधी केसिंग बघा, मग कॅलेंडर

गाडीमालकाचा फोन येतो तेव्हा निकाल आधीच लागलेला असतो. "मिस्त्री, गिअरबॉक्स गेला. एक जुना मिळतोय, टाकून टाकू का?" ड्रायव्हरनं सांगितलेलं असतं, ढाब्यावरच्या दोघांनी माना डोलावलेल्या असतात आणि कुर्ल्याच्या कुठल्या तरी भंगारवाल्यानं मोबाईलवर फोटो पाठवलेला असतो. फोटोत गिअरबॉक्सला ताजा रंग मारलेला. मला तो रंग बघितला की आधी शंका येते.

कोल्हापूरच्या शिरोलीजवळ हायवेला लागून माझं गॅरेज आहे. गाड्या येतात त्या जास्त करून टाटाचे ट्रक, १६१३ आणि २५१५ मॉडेलचे. ऊस, साखर, विटा, बाजारचा माल. हे लिहितोय ते एक-दोन गाड्या असणाऱ्यांसाठी. मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्यांच्या शेडमध्ये एक तयार गिअरबॉक्स पडूनच असतो, त्यांना हा प्रश्न पडत नाही.

बरेच मालक गिअरचे दात बघून ठरवतात. दात तुटलेले दिसले की "बदला", नाही दिसले की "खोला", म्हणजे उघडून, पार्ट बदलून परत बांधा. माझं म्हणणं वेगळं आहे. दात, बेअरिंग, सिंक्रोचे कोन (गिअर पडताना फिरत्या भागांचा वेग जुळवणाऱ्या रिंगा) हे सगळं विकत मिळतं. ठरवायचं ते केसिंगवरून, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचावरून, आणि गाडी उभी राहिली तर तुमचं किती नुकसान होतं त्यावरून.

पण गिअरबॉक्स खरंच गेलाय का?

खाली घ्यायच्या आधी हे तपासा. गिअर पडत नाही म्हणून आलेल्या गाड्यांपैकी कितीतरी गाड्यांत दोष क्लचचा निघतो.

इंजिन बंद करा आणि सगळे गिअर टाकून बघा. बंद गाडीत लोण्यासारखे पडतात आणि चालू गाडीत खरखर करतात, म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाही. खात्रीसाठी इंजिन आयडलला ठेवा, क्लच पूर्ण दाबा, दहा आकडे मोजा आणि रिव्हर्स टाका. रिव्हर्सला बहुतेक डब्यांत (गिअरबॉक्सला आम्ही डबाच म्हणतो) सिंक्रो नसतो, त्यामुळे क्लच थोडा जरी ओढत असेल तरी तो ओरडून सांगतो. मग क्लचच्या लाइनमधली हवा, सिलिंडरचं सील, बूस्टर, क्लच प्लेट, फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग या क्रमानं जा. बंद गाडीतही गिअर जड जात असेल तर लिव्हरपासून डब्यापर्यंतच्या रॉडचे बुश आणि बॉल बघा. काही रुपयांचे बुश झिजतात आणि मालक लाखाच्या गोष्टी करायला लागतो.

गिअर सुटत असेल, म्हणजे चढाला किंवा ॲक्सिलरेटर सोडल्यावर लिव्हर आपोआप न्यूट्रलला येत असेल, तरी लगेच डबा उतरवू नका. माउंटिंगचं रबर बसलं असेल तरी हे होतं. वरच्या झाकणात गिअर जागेवर धरणारी गोळी असते, तिची स्प्रिंग मेली असेल तरी होतं. झाकण बऱ्याच गाड्यांत डबा न उतरवता निघतं. गिअर सरकवणारे फोर्क आणि दात ही कारणं त्यानंतरची.

आवाजाचं तसंच. न्यूट्रलमध्ये क्लचवरचा पाय काढल्यावर आवाज येतो आणि क्लच दाबला की थांबतो, तर क्लच शाफ्टचं (जो इंजिनाचा जोर डब्यात आणतो) किंवा काउंटर शाफ्टचं (जो तो जोर गिअरांतून पुढं देतो) बेअरिंग. उलटं असेल, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंग किंवा पायलट. चालत्या गाडीत एकाच गिअरात आवाज असेल तर त्या गिअरची जोडी. सगळ्या गिअरांत आहे पण डायरेक्ट गिअरात, म्हणजे ज्यात रेशो १:१ असतो त्यात, एकदम कमी होतो, तर काउंटर शाफ्टवर बोट ठेवा. डायरेक्टमध्ये जोर क्लच शाफ्टमधून सरळ मेन शाफ्टला, म्हणजे मागं बाहेर जाणाऱ्या शाफ्टला, जातो, काउंटर शाफ्ट नुसता फिरतो, त्याच्यावर भार नसतो. आणि उतारावर क्लच दाबून ठेवल्यावरही घरघर गाडीच्या वेगाबरोबर वाढत असेल, तर आधी प्रॉपेलर शाफ्टचे (डब्यातून मागच्या चाकांकडं जोर नेणारा दांडा) क्रॉस, सेंटर बेअरिंग आणि मागचा डिफरन्शियल बघा.

तेल काढा, पण फेकू नका

गाडी फिरवून आणा, तेल गरम असताना स्वच्छ ट्रेमध्ये काढा आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर काळपट राखाडी लगदा असतो, त्याला घाबरू नका, तो प्रत्येक डब्यात असतो. पिवळा चुरा, जो चुंबकाला चिकटत नाही, तो सिंक्रो कोनचा. चमकणारे पातळ पापुद्रे बेअरिंगच्या ट्रॅकचे. बोटाला टोचेल असा तुकडा निघाला तर दात गेला, आणि मग गाडी स्टार्टसुद्धा करू नका. तो तुकडा दोन गिअरांत सापडला तर केसिंग फोडून बाहेर येतो.

तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी इथंच हायवेवर आलं होतं, तेव्हा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांचं तेल मी बघितलंय. पाणी ब्रीदरमधून (डब्यातली हवा जायचं छोटं भोक) आणि सीलमधून आत जातं. ज्यांनी पाणी ओसरल्याबरोबर तेल काढून डबा धुऊन घेतला त्यांचं निभावलं. ज्यांनी "चालतंय की" म्हणून दामटलं, त्यांच्या बेअरिंगवर पुढं गंजाचे खड्डे निघाले. असे डबेही नंतर बाजारात येतात, रंग मारून. खाली त्याच्यावर बोलतो.

डबा उघडल्यावर काय बघायचं

इथं घाई करू नका. डबा शंभर किलोच्या वरचा असतो, चेन पुली आणि नीट जॅक असेल तरच खाली घ्या, पोटावर घेऊन उतरवायचे दिवस गेले. उघडून धुतल्याशिवाय कुठल्याही मिस्त्रीनं दिलेल्या अंदाजावर पैसे देऊ नका, माझ्यासुद्धा.

पहिलं बघायचं ते केसिंगमधलं बेअरिंगचं घर. बेअरिंगची बाहेरची रिंग घरात घट्ट बसलेली पाहिजे. ती घरातच फिरली असेल तर घराला आतून आरशासारखी चकाकी आणि गोल गोल रेघा दिसतात, आणि नवं बेअरिंग बोटानं आत सरकतं. हे दिसलं की समजायचं, या डब्यात नुसतं किट टाकून उपयोग नाही. घर सैल असेल तर शाफ्ट आपल्या जागेवरून हलतो, गिअर एकमेकांत वाकडे बसतात आणि नवे दातसुद्धा थोड्याच महिन्यांत ओरडायला लागतात. आपल्याकडं कोल्हापूरच्या उद्यमनगरात घराला बुश मारून परत बोअर करून देणारे चांगले कारागीर आहेत. पण मशीनवर काउंटर शाफ्ट आणि मेन शाफ्ट या दोन्हींची घरं एकमेकांशी समांतर धरून काम करणारा माणूस शोधा. एकाच घराला नुसता बुश ठोकून देणारा नको. दोन-तीन घरं सैल असतील किंवा केसिंगला बोल्टच्या कानाजवळ तडा असेल, तर मी खोलायचा विचार सोडतो. गिअर कितीही चांगले असू देत.

घर घट्ट आहे? मग बाकीचं सगळं हिशोबाचं काम आहे. दात बघा: चेहऱ्यावर बारीक ठिपके चालतील, खड्डे आणि टवके नाही. गिअर बदलायचा तर जोडीनं. जुन्याला नवा लावला की दोघंही बिघडतात. स्लीव्हच्या (गिअर पकडणारी सरकती रिंग) आणि कोनच्या बाजूचे छोटे दात गोल झाले असतील तर गिअर सुटण्याचं कारण तेच. फोर्कचे पॅड बघा. कोन गिअरवर हातानं दाबून बसवा आणि मधलं अंतर फीलर गेजनं मोजा. मर्यादा त्या डब्याच्या मॅन्युअलमध्ये असते, डोळ्यानं ठरवायची नाही. शाफ्टच्या स्प्लाइन्सवर (शाफ्टवरच्या लांब खाचा) पायरी पडली असेल तर शाफ्टही यादीत घाला.

बेअरिंग आणि सील मात्र सगळी नवी. एक खराब निघालं आणि बाकीची बरी वाटतात म्हणून ठेवली, असं करू नका. त्या खराब बेअरिंगचा चुरा सगळ्यांच्या पोटातून फिरलेला असतो.

हिशोब असा मांडा

आकडे नुसती रीत दाखवायला घेतोय, तुमचे तुम्ही घाला. समजा खोलून बांधायला ४०,००० चे पार्ट, १२,००० मजुरी आणि मशीनकाम, आणि गाडी ५ दिवस उभी. जुना डबा ५५,००० ला, मजुरी ६,०००, गाडी १ दिवस उभी. पावसाळ्यात गाडीची रोजची कमाई ४,००० धरली तर बांधणं पडलं ७२,००० ला. जुना पडला ६५,००० ला.

जुना स्वस्त वाटतो. पण त्याच्या पोटात काय आहे ते कुणालाच माहीत नाही. मी जुन्या डब्याच्या किमतीचा चौथा हिस्सा जोखीम म्हणून वर चढवतो, म्हणजे इथं १३,७५०. झाले ७८,७५०. आता बांधणंच बरं.

हाच हिशोब गळीत हंगामात करा. रोजचं नुकसान ७,००० धरलं तर बांधणं जातं ८७,००० वर आणि जुना, जोखीम धरून, ८१,७५० वर. निकाल फिरला. म्हणून मी डिसेंबरात आलेल्या उसाच्या गाडीला बहुतेक वेळा डबा बदलून देतो आणि जूनमध्ये आलेल्याला खोलायला सांगतो. हंगामात बदललेला मूळ डबा, केसिंग धड असेल तर, भंगारात घालू नका. पावसाळ्यात सवडीनं बांधून ठेवा. पुढच्या वेळी तो तुमचा स्वतःचा स्पेअर.

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट, क्रँकचं मागचं सील हे दोन्ही वाटांना लागतंच. त्यामुळं तुलनेत धरू नका, पण खिशात धरा. डबा खाली आलेला असताना सत्तर टक्के झिजलेली प्लेट परत बसवणं म्हणजे तीच मजुरी दोनदा देणं.

जुना घ्यायचाच असेल तर

"१६१३ चाच आहे" एवढ्यावर घेऊ नका. १६१३ मध्येच टाटाचं ६९७ इंजिन होतं आणि कमिन्सचंही, गिअरबॉक्स जीबीएस-४० होता आणि जीबीएस-५० ही. इंजिन वेगळं असलं की बेल हाउसिंग (डबा इंजिनाला जोडणारं पुढचं कवच) आणि क्लच शाफ्ट वेगळा असू शकतो. आपल्या डब्यावरचा नंबर लिहून न्या. क्लच शाफ्टच्या स्प्लाइन मोजा, पुढच्या टोकाचा व्यास आणि शाफ्टची लांबी मोजा, मागच्या फ्लँजची भोकं जुळवा, स्पीडोमीटरची जागा बघा. टिपर असेल तर बॉडी उचलणाऱ्या पंपासाठी बाजूची खिडकी आहे का तेही. पाचऐवजी सहा गिअरचा टाकायचा मोह होतो. त्यात रेशो बदलतात, प्रॉपेलर शाफ्टची लांबी बदलू शकते, लिव्हरची जोडणी बदलते. शिवाय कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. आपला होता तोच घ्या.

दुकानात वरचं झाकण उघडायला लावा. नाही म्हणाला तर चहा पिऊन परत या. बॅटरी मारून दात बघा, तेलाचा वास घ्या, जळका वास म्हणजे डबा कोरडा चाललेला. प्रत्येक गिअर टाकून क्लच शाफ्ट हातानं फिरवा, पुढं-मागं आणि वर-खाली हलवून बघा. सांध्यावर लाल सिलिकॉन ओसंडत असेल, केसिंगवर वेल्डिंग असेल किंवा आत गंजाची रेषा दिसत असेल, जी पुराच्या डब्यात नेमकी पाणी साठलं होतं तिथं असते, तर सोडा. डब्याचा नंबर घातलेलं बिल घ्या, चोरीच्या गाडीचे सुटे भागही याच बाजारातून फिरतात. आणि "बसवून, भरल्या गाडीनं चढ चढून बघितल्यावर खराब निघाला तर परत" हे बिलावरच लिहून घ्या. तोंडी टेस्टिंग गॅरंटीला काही अर्थ नाही.

डबा मेला कशानं, तेही विचारा

हे न शोधता कुठलाही डबा चढवला तर तोही त्याच वाटेनं जाणार. ब्रीदर बुजला की आत दाब वाढतो, सील गळतं, तेल कमी होतं. बंद पडलेली गाडी प्रॉपेलर शाफ्ट न काढता ओढून आणली तर मागच्या चाकांमुळं मेन शाफ्ट फिरत राहतो, काउंटर शाफ्ट मात्र उभा, त्यामुळं तेल वर उडतच नाही. आंबा घाटातून एवढंच ओढलं तरी डब्याचं वाटोळं होतं. तसंच डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल मारणारे ड्रायव्हर. ब्रेकचं जे व्हायचं ते होतंच, डब्यातही मेन शाफ्ट पळत असतो आणि काउंटर शाफ्ट आयडलवर रांगत असतो.

तेल कंपनीनं सांगितलेलंच, लेव्हल प्लगपर्यंत. पितळी कोन असलेल्या डब्यात बहुधा जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइल सांगितलेलं असतं, तिथं मागच्या डिफरन्शियलचं उरलेलं जीएल-५ ओतू नका. त्यातल्या काही रसायनांनी पितळ खाल्लं जातं.

बांधलेला असो की जुना, चढवल्यावर हजारेक किलोमीटरला तेल गरम असताना काढा आणि परत फडक्यातून गाळा. आणि बांधून घेतला असेल तर बदललेले सगळे जुने पार्ट मिस्त्रीकडून गोणीत मागून घ्या, बिलातल्या यादीशी एकेक जुळवा, आणि मगच उरलेले पैसे द्या.