कृष्णाकाठी रोड बाइक चालवताय? मग या चुका टाळा

सांगलीतल्या आमराई बागेपासून निघायचं, गणपती मंदिरावरून नदीकडं, घाटाच्या बाजूनं आयर्विन पुलापर्यंत, तिथून फिरून हरिपूर रोड धरायचा, संगमावर दोन मिनिटं थांबून कृष्णा-वारणा बघायची आणि माघारी. सांगलीत नवीन रोड बाइक, म्हणजे बारीक टायरची वेगाची सायकल, घेतलेला प्रत्येकजण पहिल्या महिन्यात हीच फेरी मारतो, मी पण तशीच सुरुवात केली. रस्ता सपाट, चढ म्हणावा तर पुलावर चढताना तेवढाच. आणि सपाट आहे म्हणूनच माणूस निर्धास्त होतो, इथं काय होतंय म्हणतो, आणि पडतो. माझ्या ओळखीतले जेवढे पडले त्यातले बरेचसे घाटरस्त्यात नाही, इथंच पडलेत, आणि कारणं फिरून फिरून तीच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे या रस्त्याला ट्रॅक समजणं. मोबाइलवर स्पीड लावायचा, कालच्यापेक्षा अर्धा मिनिट कमी करायचं म्हणून सकाळी साडेसहाला ताशी बत्तीस-चौतीस किलोमीटरनं घाटाकडच्या रस्त्यावरून जायचं. अहो त्या वेळेला तिथं कोण असतं बघा की. गणपतीला चाललेल्या बायका, काठी घेऊन फिरणारे आजोबा, पोहून ओल्या अंगानं वर येणारी पोरं. ही माणसं आपल्या सायकली यायच्या आधीपासून या काठावर येतात, रस्ता पहिला त्यांचा. बाकी काही नाही पाळलं तरी चालेल पण एवढं पाळा, चालणारी माणसं दिसली की पंधराच्या खाली या. घंटी दहा-पंधरा मीटर आधी वाजवा, अगदी पाठीशी जाऊन वाजवली की माणूस दचकतो आणि दोघं असतील तर एक डावीकडं पळतो एक उजवीकडं, मग तुम्ही कुठून जाणार? मी तर घंटीपेक्षा तोंडानंच सांगतो, "आजोबा, उजवीकडनं येतोय हां." ते हात वर करतात, कधीकधी "सावकाश रे बाळा" म्हणतात, बरं वाटतं. आमराईत तर सायकलवरून उतरा आणि हातात धरून न्या, ती बाग चालणाऱ्यांची आणि लहान पोरांची आहे, बॉलच्या मागं धावणारं पोरगं इकडं तिकडं बघत नाही. स्पीड काढायचाच असेल तर त्याला मोकळा हायवे बघा, तोही ग्रुपनं.

दुसरी गोष्ट शेवाळ. श्रावणात मी घाटाजवळ असाच पडलो होतो, स्पीड जास्त नव्हता, वळताना पुढचा ब्रेक दाबला आणि चाक साबणावरून गेल्यासारखं निघून गेलं, कोपर सोललं आणि गुडघा पंधरा दिवस दुखत होता. ओल्या फरशीवर, पेव्हर ब्लॉकवर, रस्त्यावरच्या रंगवलेल्या पांढऱ्या पट्ट्यांवर आणि लोखंडी झाकणांवर टायरला पकड जवळजवळ नसते. ब्रेक वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना, दोन्ही मिळून हळूहळू दाबायचे, वळणात दाबायचे नाहीत आणि सायकल फार झुकवायची नाही. कोरड्या रस्त्यावर थांबवायचं जास्त काम पुढचा ब्रेक करतो हे खरं, पण ओल्यात तोच पाडतो. आणि सायकल नवीन असेल तर कुठला लिव्हर पुढचा ते आधी तपासा, आपल्याकडं बहुतेक उजवा पुढचा असतो पण बाहेरून आलेल्या सायकलीत उलटं असू शकतं.

गटारीच्या जाळ्या पण बघत जा. जाळीच्या फटी रस्त्याला समांतर असतील तर 25 किंवा 28 मिलीमीटरचं चाक सरळ आत जातं. जाळी आडवी कापायची किंवा लांबून जायचं. स्पीडब्रेकरला हँडल घट्ट धरून बसू नका, सीटवरून थोडं उठा, कोपर सैल सोडा.

आता हवा. पंक्चरच्या निम्म्या तक्रारी हवेच्याच असतात. रोड बाइकची ट्यूब बारीक, आठवड्यात हवा कमी होते, पण लोक महिना महिना हात लावत नाहीत, आणि अंगठ्यानं दाबून "ठीक आहे" म्हणतात. अंगठ्याला 60 आणि 80 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) यातला फरक कळत नाही. दाब दाखवणारं गेज असलेला उभा पंप घ्या. साधारण सत्तर किलोच्या माणसाला 28 च्या टायरला 65 ते 75 पीएसआय चालतं, मागं थोडं जास्त, पुढं थोडं कमी. उलटी चूक करणारे पण आहेत, टायरच्या कडेला लिहिलेला सगळ्यात मोठा आकडा बघून तेवढी ठासून भरतात, तो आकडा कमाल मर्यादा आहे, मग पेव्हर ब्लॉकवर हात बधिर होतात आणि ओल्यात पकड अजून कमी. पेट्रोल पंपावरची हवा प्रेस्टा व्हॉल्व्हला, म्हणजे ट्यूबच्या हवा भरायच्या बारीक तोंडाला, अ‍ॅडॅप्टरशिवाय बसत नाही, आणि प्रेस्टाचं टोकावरचं छोटं नट सैल केल्याशिवाय हवा जात नाही, हे माहीत नसल्यानं पंप खराब आहे म्हणणारे मी बघितलेत.

पंक्चर झालंच तर ट्यूब बदलायच्या आधी भोक बघा. शेजारी शेजारी दोन भोकं असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चेचली गेली. एकच बारीक भोक असेल तर काटा, आणि तो बहुतेक वेळा टायरमध्येच अडकलेला असतो. टायरच्या आतून सावकाश बोट फिरवून काढा, नाहीतर नवी ट्यूब पुढच्या चौकात बसते. नदीकाठी बाभळीचे काटे भरपूर.

गाळाचं सांगायलाच पाहिजे. आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा आणि 45 ला धोका, हे सांगलीच्या पोराटोरांना पाठ आहे, आणि 2019 ला 57 फुटांच्या वर गेलं होतं तेव्हा काय झालं ते आपण बघितलंय. पाणी वाढत असताना बघायला म्हणून सायकल घेऊन काठावर जाऊ नका. उतरल्यावर पण घाई नको, रस्ता वरून वाळलेला दिसतो आणि खाली गाळ लोण्यासारखा असतो. त्यातून गेलाच तर घरी आल्यावर साध्या पाण्यानं धुवा, जोरात फवारा मारणाऱ्या मशीननं बेअरिंगवर मारू नका, ग्रीस निघून जातं. चेन फडक्यानं पुसून, वाळवून मग तेल, प्रत्येक कडीला एक थेंब, आणि पाच मिनिटांनी वरचं तेल पुसायचं. न पुसता सोडलं की बारीक गाळ त्याला चिकटतो आणि चेन सँडपेपरसारखी दात खाते. डिस्क ब्रेक असेल तर तेलाचा स्प्रे वापरू नका, रोटरवर, म्हणजे ब्रेकच्या चकतीवर, उडालं की ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, तरी नाही गेलं तर पॅड बदला.

गुडघा दुखतोय म्हणून सायकल विकायला काढू नका, आधी सीट बघा. पुढून दुखत असेल तर बहुतेक सीट खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. टाच पेडलवर ठेवून पेडल सगळ्यात खाली नेल्यावर पाय सरळ व्हायला पाहिजे, सुरुवातीला एवढं पुरे, मग पाच-पाच मिलीमीटरनं बदला. सपाट रस्त्यावर जड गिअर टाकून दाबत बसणं पण गुडघ्याला वाईट, हलका गिअर घ्या, मिनिटाला ऐंशीच्या आसपास पाय फिरू दे.

गिअर मागच्या मोठ्या चक्रावर चढायला वेळ लावत असेल तर मेकॅनिककडं पळायच्या आधी मागच्या डिरेलरला, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाला, जिथं केबल जाते तिथला बॅरल (हातानं फिरवायचं गोल नट), सायकलच्या मागं उभं राहून, घड्याळाच्या उलट दिशेनं पाव फेरी फिरवा. बघा. अजून पाव. बारीक स्क्रूंना हात लावू नका.

आणि हरिपूर रोडला असो नाहीतर बायपासला, उसाचा सीझन सुरू झाला की ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांच्या डावीकडून कधीच घुसू नका. मागची ट्रॉली वळताना आत येते, ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही, वर रस्त्यावर उसाची कांडकी पडलेली असतात, बारीक चाक त्यावरून घसरतंच. मागं थांबा, जाऊ द्या त्याला. कानात इअरफोन असतील तर ते आधी काढा, ट्रॅक्टर मागून येतोय हे कळायला तेवढे दोन सेकंद मिळतात.