मोरपंखी पैठणी स्क्रीनवर फिकी का पडते?

येवल्याच्या पैठण्यांचे फोटो मी ऑनलाइन विक्रीसाठी काढतो. गिऱ्हाइकाचं ठरलेलं वाक्य: "फोटोत मळकट वाटली, हातात घेतली तर झळझळीत!" बहुतेकदा फाइल अडोबी आरजीबीत (रंगांचा मोठा पल्ला असलेल्या पद्धतीत) असते आणि अपलोड होताना तिचं प्रोफाइल, म्हणजे आकडे कोणत्या पद्धतीने वाचायचे ते सांगणारं लेबल, गळून पडतं. मग ब्राउझर तेच आकडे एसआरजीबीचे, म्हणजे वेबवरच्या नेहमीच्या, लहान पल्ल्याच्या पद्धतीचे समजतो. हिरव्या-निळ्या छटा सगळ्यात जास्त मार खातात.

फोटोशॉपच्या एडिट मेनूत 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल' उघडा. डेस्टिनेशन एसआरजीबी, इंटेंट (न मावणारे रंग कसे बसवायचे ते) रिलेटिव्ह कलरिमेट्रिक, ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशनला (गडद छटा सांभाळायला) टिक. शेजारच्या 'असाइन प्रोफाइल'ला हात लावू नका. ते आकडे तसेच ठेवून नुसतं लेबल बदलतं, म्हणजे रंग बिघडलाच. गिंपमध्ये हेच काम इमेज मेनूतल्या 'कलर मॅनेजमेंट'खाली होतं, तेही फुकटात.

खरी मेहनत पदरावरच्या मोराच्या मानेपाशी. तिथला निळसर हिरवा कधीकधी एसआरजीबीत मावतच नाही आणि रेशमाची घडी सपाट दिसू लागते. म्हणून कन्व्हर्ट करण्याआधी प्रूफ सेटअपमध्ये एसआरजीबी निवडून गॅमट वॉर्निंग लावा; न मावणारे रंग ती राखाडी दाखवते. राखाडी डाग दिसले तर फक्त त्याच रंगाचं सॅच्युरेशन थोडं उतरवा, सबंध फोटोचं नाही. नाहीतर जरीचा सोनेरी उगाच मरतो.

हे सगळं १६ बिटमध्ये (रंगांच्या जास्त बारीक पायऱ्यांत) करा, जेपेग शेवटी. सेव्ह करताना 'एम्बेड कलर प्रोफाइल' चालू ठेवा. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलीत) काढत असाल तर कॅमेऱ्यातल्या कलर स्पेसची चिंता नको, ती सेटिंग जेपेगपुरतीच.