अझूल दोघांत खेळताना या चुका टाळा

मिखाएल कीसलिंग यांचा अझूल हा टाइल्स लावण्याचा बोर्ड गेम २०१७ साली आला आणि पुढच्याच वर्षी त्याला जर्मनीचा ‘श्पील देस यारेस’ (वर्षातला सर्वोत्तम खेळ) पुरस्कार मिळाला. खेळातल्या टाइल्स पोर्तुगीज अझुलेजोंवर, म्हणजे भिंतीवरच्या रंगीत चकचकीत फरश्यांवर, बेतलेल्या आहेत; पणजीतल्या मेनेझेस ब्रागांझा संस्थेत तशा खऱ्या टाइल्सची भिंत बघायला मिळते. दोन ते चार जण खेळू शकतात, पण दोघांत खेळाला रंग चढतो, कारण इथे जवळजवळ सगळं मोजता येतं. हरतात ते बहुधा न मोजणारेच.

मांडणीपासून सुरुवात करू. दोघांसाठी गोल थाळ्या फक्त ५ मांडायच्या (तिघांना ७, चौघांना ९). प्रत्येकीवर पिशवीतून न बघता काढलेल्या ४ टाइल्स. प्रत्येकाच्या पटावर डावीकडे १ ते ५ घरांच्या पाच ओळी, उजवीकडे पाच बाय पाच घरांची ‘भिंत’ आणि खाली दंडाची ओळ असते; डावीकडची ओळ भरली की तिच्यातली एक टाइल भिंतीवर लागते आणि गुण मिळतात. सगळ्या नऊ थाळ्या मांडल्या की निवड इतकी मोकळी होते की कुणाची कोंडीच होत नाही, आणि कोंडी नसेल तर या खेळात उरतं काय?

दुसरी चूक पिशवीची. वापरून झालेल्या टाइल्स खोक्याच्या झाकणात टाकायच्या आणि पिशवी पूर्ण रिकामी झाली की मगच त्या परत भरायच्या. काही जण दर फेरीनंतर झाकण पिशवीत ओततात आणि इथेच खेळाचा कणा मोडतो. एकूण टाइल्स १००, पाच रंगांच्या प्रत्येकी २०. दोघांत दर फेरीला २० लागतात, म्हणजे पिशवी बरोबर पाच फेऱ्या पुरते. भिंतीवरची आडवी ओळ पुरी व्हायलाही (तेव्हाच खेळ संपतो) कमीत कमी पाचच फेऱ्या लागतात. त्यामुळे पहिल्या चार फेऱ्यांत लाल १९ येऊन गेल्या असतील, तर पाचव्या फेरीत लाल एकच येणार, हे आधीच ठाऊक असतं. पिशवी मध्येच भरली की हा हिशेब गेला.

उचलण्याचे नियम सोपे आहेत, तरी घोळ होतो. थाळीवरून एका रंगाच्या सगळ्या टाइल्स घ्यायच्या, उरलेल्या मध्ये सरकवायच्या. मधल्या ढिगातूनही एका रंगाच्या सगळ्याच घ्यायच्या. त्या फेरीत मधून पहिल्यांदा उचलणाऱ्याला ‘१’ची खूणही घ्यावी लागते, ती दंडाच्या ओळीत डावीकडच्या पहिल्या मोकळ्या घरात बसते आणि तिचा दंडही मोजतात. उचललेल्या टाइल्स डावीकडच्या पाचपैकी एकाच ओळीत जातात. दोन ओळींत वाटता येत नाहीत, उरलेल्या दंडात. ज्या ओळीसमोर भिंतीवर तो रंग आधीच लागला आहे, तिथे तो पुन्हा ठेवता येत नाही. फेरी संपल्यावर अर्धवट ओळी तशाच राहतात. त्या रिकाम्या करणं ही नवख्यांची हमखास चूक.

गुण मोजताना सगळ्यात जास्त भांडणं होतात. भरलेल्या ओळींतून वरून खाली, एकेक टाइल भिंतीवर लावायची आणि लगेच तिचे गुण घ्यायचे. सगळ्या आधी लावून मग मोजल्या तर गुण फुगतात. समजा दुसऱ्या ओळीतली निळी आधीपासून भिंतीवर आहे, तिच्या शेजारी बाकी काही नाही. आता तिच्या डोक्यावर पहिल्या ओळीतली पिवळी लागली: दोघींची साखळी, म्हणून २ गुण. मग निळीच्या खाली तिसऱ्या ओळीतली पांढरी लागली: तिघींची साखळी, ३ गुण. एकूण ५. दोन्ही लावून मोजल्या तर ६ होतात. आडवी आणि उभी दोन्ही साखळी जुळली तर नवी टाइल दोन्हीकडे धरायची, पण एका दिशेला शेजारी नसेल तर त्या दिशेचा वेगळा १ गुण मिळत नाही. अगदी एकट्या टाइलला फक्त १.

दंड दर फेरीच्या शेवटी वजा करतात: १, १, २, २, २, ३, ३, म्हणजे जास्तीत जास्त १४. सातच्या पुढच्या टाइल्स झाकणात, त्यांना दंड नाही. गुण शून्याखाली जात नाहीत.

आता डावपेचांकडे. पाचही ओळी भरायला १+२+३+४+५ म्हणजे १५ टाइल्स लागतात, आणि फेरीत तुमच्या वाट्याला सरासरी १० येतात. तरीही पहिल्या फेरीत पाचही ओळी उघडून बसणारे भेटतात. मग फेरीच्या शेवटी हातात आलेल्या रंगाला जागाच नसते. पाचवी ओळ तीन टाइल्सवर अडली की तोच रंग मिळेपर्यंत ती बंद. एक ओळ तरी शेवटपर्यंत मोकळी ठेवा.

थाळ्या संपल्या की मध्ये जितके रंग उरले, तितक्याच चाली उरल्या. पाळी तुमची आणि रंग विषम, तर शेवटचा ढीग तुमच्या गळ्यात. सम असतील तर समोरच्याच्या. मध्ये निळी १, लाल २, पिवळ्या ६ आहेत आणि पाळी तुमची. तुम्ही लाल घ्याल, तो निळी घेईल, सहा पिवळ्या तुम्हाला. तीनच घरं मोकळी असतील तर ४ गुण गेले. जागाच नसेल तर ११. म्हणून शेवटच्या दोन थाळ्या फोडतानाच बघायचं की मध्ये नवा रंग वाढतोय की जुन्यातच भर पडतेय. ही एक सवय लागली तरी दंड निम्म्यावर येतो.

खेळ संपल्यावर भिंतीवरच्या पुऱ्या उभ्या रांगेला ७, एका रंगाच्या पाचही टाइल्सना १०, आडव्या ओळीला २ गुण मिळतात. १० बघून रंगामागे धावू नका. रांग आणि रंग, दोन्हींना १५-१५ टाइल्स लागतात. पण एकाच रंगाच्या टाइल्स भिंतीवर तिरक्या बसतात, एकमेकींना चिकटत नाहीत, तर उभ्या रांगेत वरून खाली लावत गेलात तर नुसत्या जोडणीचे १+२+३+४+५ मिळतात. शिवाय पिशवी दुसऱ्यांदा भरेपर्यंत त्या रंगाच्या २०च येणार. समोरच्याने त्यातल्या ६ उचलल्या की बेत संपला.

आडवी ओळ पुरी झाली की ती फेरी संपवून खेळ थांबतो. उभ्या रांगेने थांबत नाही. समोरच्याच्या भिंतीवर पहिल्या ओळीत चार टाइल्स लागल्या असतील, तर ही शेवटची फेरी धरून चाला. तिथे त्याला एकच टाइल हवी असते, ती अडवणं बहुधा जमत नाही. अशा फेरीत पाचवी ओळ नव्याने सुरू करणं वाया, अर्धवट ओळीला गुण नाहीत. गुण बरोबरीत सुटले तर जास्त आडव्या ओळी पुऱ्या करणारा जिंकतो, त्यामुळे अटीतटीच्या डावात त्या २ गुणांच्या ओळीकडेही लक्ष असू द्या.