बीवाययूला जाताय? एन्डोर्समेंट, चहा आणि जर्नलची सवय

आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो फॉर्म), सेव्हिस म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या अमेरिकी सरकारी नोंदणीची फी, व्हिसाची मुलाखत, बँकेचे कागद यांची माहिती तुम्ही काढली असेलच. युटातल्या प्रोव्होच्या ब्रिगम यंग युनिव्हर्सिटीत, म्हणजे बीवाययूत, जाणाऱ्या मुलांचं सगळ्यात कमी लक्ष जातं ते ऑनर कोडकडे, म्हणजे विद्यापीठाच्या आचारसंहितेकडे. अर्जात 'मान्य' म्हणून पुढे जाता येतं, त्यामुळे तो आपल्याकडच्या अँटी-रॅगिंगच्या हमीपत्रासारखा वाटतो. सही केली की विसरायचं. इथे ती सही दर वर्षी जिवंत ठेवावी लागते आणि ते एकट्याच्या हातात नसतं.

याचं नाव एन्डोर्समेंट. हा विद्यार्थी कोड पाळतोय, असं एका धर्मगुरूने तुमच्याशी बोलून विद्यापीठाला दर वर्षी कळवायचं. हे विद्यापीठ लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) चर्चचं आहे, आणि त्या चर्चच्या सभासदांना त्यांचा बिशप असतो. बाकीच्यांना तीन वाटा आहेत: तुम्ही नियमित जात असाल त्या प्रार्थनास्थळाचे प्रमुख, तुम्ही राहता त्या भागातल्या वॉर्डचा (या चर्चच्या स्थानिक मंडळीचा) बिशप, किंवा विद्यापीठाचा चॅप्लेन, म्हणजे कुठल्याही एका पंथाला न बांधलेला धर्मगुरू. नाशिक-सांगलीहून गेलेल्या हिंदू, जैन किंवा बौद्ध मुलाला बहुतेक वेळा चॅप्लेनच सोयीचा. धर्म बदला असं कुणी म्हणत नाही, ती भीती सोडा. (पदवीसाठी धर्मविषयाचे १४ क्रेडिट मात्र सगळ्यांनाच करावे लागतात आणि चर्चबाहेरच्यांची फी दुप्पट असते.)

आता नीट वाचा, कारण पाय घसरतो तो इथेच. मुदत उलटली किंवा एन्डोर्समेंट काढून घेतलं गेलं, तर तुमचं 'गुड ऑनर कोड स्टँडिंग' जातं. ते गेलं की शिकणं थांबवावं लागतं. सगळे विषय सुटलेले असले तरी पदवी मिळत नाही. अमेरिकन विद्यार्थी अशा वेळी घरी जाऊन एखादी नोकरी धरतो. एफ-१ वाल्याला, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला, ती सोय नाही. पदवीच्या विद्यार्थ्याला सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट घ्यावेच लागतात. नोंदणी नाही म्हणजे १२ क्रेडिट नाहीत, आणि मग सेव्हिसमधली नोंद बंद होते. अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर मिळणारे ६० दिवस इथे लागू नाहीत. आंतरराष्ट्रीय कार्यालयातल्या डीएसओला (विद्यार्थी व्हिसाचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला) आधी सांगून, त्याच्या संमतीने शिक्षण सोडलं तर देश सोडायला १५ दिवस मिळतात. न सांगता स्टेटस मोडलं तर एकही नाही. म्हणून पहिल्याच महिन्यात चॅप्लेनची वेळ घ्या, ओळख करून द्या, पुढचं एन्डोर्समेंट कधी आणि कसं होतं ते विचारून कॅलेंडरात टाका. काही अडलंय असं वाटलं की त्याच दिवशी डीएसओकडे जा. एन्डोर्समेंटचा फॉर्म कन्सल्टंटला मुळीच भरू देऊ नका. त्यात कशाला हो म्हटलंय हे तुम्हालाच ठाऊक नसेल, तर धर्मगुरूसमोर काय बोलणार?

रोजच्या नियमांत आपल्याला जड जातो तो चहा. दारू, तंबाखू, व्हेपिंग, गांजा यांच्याच ओळीत चहा-कॉफी आहे, आणि धर्म कुठलाही असो, आवारात असो वा बाहेर, ती बंदी सगळ्यांना आहे. कॅफीनचा इथे संबंध नाही. कॅफीनवाली शीतपेयं २०१७ पासून आवारातच विकली जातात. बंदी चहाच्या पानाला आहे, त्यामुळे ग्रीन टी आणि आइस्ड टीही त्यातच आले. घरून चहा पावडर आणि चहावाला प्रीमिक्स नेऊ नका. आलं, गवती चहा, दालचिनी उकळून दुधात घातलेली चालते. 'खोलीत सगळेच पितात, काही होत नाही' असं सांगणाऱ्या सीनियरचं ऐकू नका. वर्षाअखेरी चॅप्लेनसमोर तो नाही, तुम्ही बसणार आहात.

दाढीचंही तसंच. मिशी नीट कापलेली असेल तर चालते, दाढी नाही. वैद्यकीय, धार्मिक किंवा नाटकातल्या भूमिकेसाठी सूट मिळते, पण दाढी वाढवायच्या आधी. श्रावण पाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, कारण फॉल सेमिस्टरची सुरुवात श्रावण-भाद्रपदाच्या आसपासच येते. अविवाहितांच्या घरात मुलगा-मुलगी एकमेकांच्या बैठकीच्या खोलीत किंवा स्वयंपाकघरात बसू शकतात, बेडरूममध्ये नाही. वेळ सकाळी ९ ते रात्री १२, शुक्रवारी दीडपर्यंत.

अभ्यासातला प्रामाणिकपणा याच कोडचा भाग आहे, आणि तिथे आपली जर्नलची सवय घात करते. सबमिशनच्या आदल्या रात्री एकाचं जर्नल दहा जणांत फिरतं. प्रॅक्टिकलला उत्तर किती यायला हवं ते पाहून मागून रीडिंग लिहिली जातात. आपल्याकडे सर सही करून टाकतात, म्हणून ती चोरी आहे हे मनाला शिवतही नाही. तिथे याला फॅब्रिकेशन, म्हणजे बनावट नोंदी करणं, म्हणतात. रीडिंग चुकलं तर चुकलेलंच लिहा आणि खाली कारण द्या: उपकरणाची शून्यत्रुटी, तापमान, कमी वेळा घेतलेलं माप. त्याचे गुण मिळतात.

निबंधाचं वेगळं. एका लेखातलं वाक्य, दुसऱ्यातलं अर्धं, मधे आपले दोन शब्द, अशी गोधडी शिवली तर तीही वाङ्मयचौर्यच. शब्द बदलले पण कल्पना कुणाची ते लिहिलं नाही, तरी तेच. एका विषयाचा पेपर न विचारता दुसऱ्या विषयाला देणं हेही गैरवर्तन. दिलासा एवढाच की हेतू नसताना, न कळत राहिलेला संदर्भ बीवाययू ऑनर कोडचा भंग मानत नाही. पण प्राध्यापक गुण कापू शकतात, आणि 'न कळत' हे दुसऱ्यांदा कोण मान्य करेल? वाचताना टिपणाशेजारी पान क्रमांक लिहा. लिहायला बसताना मूळ लेख बंद करा. गटात किती मदत चालते ते प्राध्यापकांना ईमेलवर विचारा आणि ते उत्तर जपून ठेवा.

ऑनर कोड ऑफिसचं बोलावणं आलंच, तर घाबरून भलतंसलतं कबूल करू नका आणि खोटंही बोलू नका. खोटं बोलणं हा स्वतंत्र भंग ठरतो. २०१९ मध्ये कार्यपद्धती बदलली. कुठल्या वर्तनाबद्दल बोलावलंय ते सुरुवातीलाच सांगितलं जातं, आणि तुम्ही मान्य करेपर्यंत किंवा पुरावा मिळेपर्यंत तुम्हाला दोषी धरत नाहीत. भेटीनंतर काय बोलणं झालं ते तारखेसह त्याच दिवशी लिहून ठेवा. निलंबनाचा शब्द निघाला, तर निर्णय हातात पडायची वाट न बघता डीएसओला गाठा, कारण ते १५ दिवस आधी सांगणाऱ्यालाच मिळतात.